तीन कार्डांचं गाऱ्हाणं

"जगात जी जी गोष्ट अपुरी आहे, ती पुरी होण्यासाठीच जन्माला आलेली आहे," असं परशुराम गिरकराने तोंडातला स्क्रूड्रायव्हर बाजूला काढून जाहीर केलं. तो जमिनीवर पालथा पडला होता आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत एका जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात होता. अशा अवस्थेत माणसाला तत्त्वज्ञान सुचतं, कारण दुसरं काही सुचण्यासारखं नसतं.

"तर मगे पयली ती पडवीची भिंत पुरी कर," चुलीकडून त्याची आई काशीबाई म्हणाली.

तत्त्वज्ञान तिथेच आटोपलं. पडवीची भिंत नव्याण्णव साली कमरेएवढी चढली होती आणि आता दोन हजार नऊचा मे महिना आला तरी कमरेएवढीच होती. मधल्या काळात प्रगती झाली ती फक्त परशुरामाच्या कमरेची. भिंतीवर काशीबाईच्या कोंबड्या बसत आणि त्यांची त्या भिंतीबद्दल काहीच तक्रार नव्हती.

परशुराम मालवणातल्या एका बर्फाच्या कारखान्यात क्लार्क होता. होड्यांना आणि टेम्पोंना किती लाद्या गेल्या ते लिहून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. लादी जेटीवर पोचेपर्यंत निम्मी वितळायची, पण परशुरामाच्या कागदावर ती अखंड राहायची. वर्षानुवर्षं न वितळणाऱ्या बर्फाचा हिशेब ठेवून त्याचा स्वभावही तसाच झाला होता. मनात एकदा गोठलेली गोष्ट तो सहसा पाघळू देत नसे.

या घडीला त्याच्या मनात गोठलेली गोष्ट उद्या दुपारी घरी येणार होती.

ही बातमी काशीबाईने आणली होती. ती बाजारात मासळी विकायला बसते. गुरुवारी तिच्यासमोर एक चष्मेवाली बाई सुरमई उलटीपालटी करून बघत उभी राहिली. काशीबाईने आधी सुरमईचा दर सांगितला, मग बाईकडे नीट बघितलं आणि दर कमी केला. तेवढ्यावरूनच परशुरामाने ओळखायला हवं होतं की गोष्ट साधी नाही.

"तुजी ती मास्तरीण गावली माका," ती घरी येऊन म्हणाली होती. "वर्षाली. म्हायेराक इलीसा. मी सांगलंय तिका, आमच्या पर्शान तुजा ता गलबताचा गाणा तयार केल्यान हा, आयकूक ये आयतवारी."

"आये, गाणा खंय तयार आसा? तिसरा कार्ड गावूक नाय अजून."

"मगे गावय. धा वर्सां काय करी होतस?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते आईला देण्यासारखं नव्हतं.

उत्तराची सुरुवात अठ्ठ्याण्णव सालात होते. त्या साली कारखान्याच्या मालकांना कुणीतरी सांगितलं की दोन हजार साल उजाडताच जगातल्या सगळ्या कॉम्प्युटरांची मती फिरणार आणि सगळे हिशेब बुडणार. मालक घाबरले. वास्तविक त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. पण बुडण्यापुरता तरी एक असावा, अशा धोरणाने त्यांनी परशुरामाला बाजारपेठेतल्या कॉम्प्युटर क्लासला घातलं.

तिथे शिकवायला वर्षाली मॅडम होत्या. मालवणातल्याच, पण कोल्हापुराहून डिप्लोमा करून आलेल्या. परशुरामापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असून त्या त्याला "अहो गिरकर" म्हणत आणि संपूर्ण क्लास स्वच्छ पुस्तकी मराठीत चालवत. संध्याकाळच्या बॅचला परशुराम एकटाच असे, कारण बाकीची बॅच फी भरून यायची विसरली होती.

खिडकीजवळचं मशीन मुंबईहून सेकंडहँड आलं होतं. भाडेकरूसकट घर मिळावं तसा त्याच्यात एक गलबतांचा खेळ आधीपासून राहत होता. गलबत हाकायचं, चाच्यांवर तोफा डागायच्या, वादळातून वाट काढायची आणि शेवटी बंदराला लागायचं. एके दिवशी धडा लवकर संपला म्हणून मॅडमनी तो लावून दाखवला. त्यानंतर धडे रोजच लवकर संपू लागले.

एकाच कीबोर्डावर दोघं बसत. बाणांच्या कळांवर तिची बोटं, म्हणजे सुकाणू तिच्याकडे. स्पेसबारवर याचा अंगठा, म्हणजे तोफ याच्याकडे. मध्ये जे चार बोटांचं अंतर होतं ते त्या काळात कधी कमी झालं नाही. परशुरामाने तसा प्रयत्नही केला नाही, कारण बर्फाच्या धंद्यात माणूस घाई करायला शिकत नाही. गलबत चांगलं रंगात आलं की मात्र मॅडमची पुस्तकी मराठी पाण्यात पडायची.

"अहो गिरकर, डावीकडे लक्ष द्या," असं सुरू व्हायचं, आणि दुसऱ्याच मिनिटाला, "डावीकडसून येता तो, फोड तेका. बघत काय रवलंस मेल्या?"

परशुरामाला 'मेल्या' त्याआधी पुष्कळांनी म्हटलं होतं. पण इतक्या विश्वासाने कोणी म्हटलं नव्हतं.

त्या खेळात एक खोट होती. तो करणाऱ्याने आवाजाचे तीन वाटे केले होते. ठेका एका साउंड कार्डाने वाजवायचा, तोफा आणि लाटा दुसऱ्याने आणि सूर तिसऱ्याने. घरात तीन-तीन कार्डं बाळगणाऱ्या कुठल्यातरी सुखी देशातल्या माणसांसाठी केलेला खेळ तो. क्लासच्या मशीनमध्ये एकच कार्ड होतं. त्यामुळे नुसता ठेका वाजायचा. दशावतारात पेटीवाला आणि झांजवाला दोघे वाटेत अडकले आणि एकटा पखवाजवाला वेळेवर पोचला, तर जसा नाटकाला रंग चढेल, तसा.

म्हणून तोफांचा आवाज परशुराम तोंडाने काढू लागला. "धडाम," तो म्हणायचा. लागोपाठ चार तोफा उडवल्या की त्याला ठसका लागे. आणि गलबत बंदराला लागलं, की त्या ठेक्यावर वर्षाली गुणगुणायची. शब्द नसायचे. नुसता सूर, वर जायचा, जरा थांबायचा, मग आपण वर गेलो हे आवडलं नसल्यासारखा हळूच खाली यायचा. ती कोल्हापुरात शिकलेली. तिथे कुठल्यातरी चांगल्या मशीनवर तिने तो ऐकला असणार, असं परशुराम धरून चालला. विचारलं नाही.

"एक दिवस मी ती दोन कार्डां हाडतंय," तो तिला म्हणाला होता. "मगे ह्या गाणा आपण पुरा आयकूया."

"हाड तरी पयली," ती म्हणाली होती, पडद्यावरची नजर न काढता.

परशुरामाने मनाशी ठरवलं. गाणं एकदा पुरं वाजलं, की उरलेलं विचारून टाकायचं. काय विचारायचं हे त्याने स्वतःशीसुद्धा उघडपणे म्हटलं नव्हतं, पण त्याच महिन्यात त्याने चिरे आणून पडवीची भिंत चढवायला घेतली, यावरून काशीबाईला जे समजायचं ते समजलं. कार्डांसाठी तो कुडाळला गेला, कणकवलीला गेला. दुकानदार म्हणत, "एक कार्ड वाजता ना? मगे दुसरा कित्याक?" या युक्तिवादाला तोड नव्हती.

दोन हजार साल उजाडलं. जगातला एकही हिशेब बुडाला नाही. फेब्रुवारीत फक्त वर्षाली मॅडमचं लग्न झालं, सावंतवाडीला. परशुराम लग्नाला गेला, पंगतीत वाढायला उभा राहिला, लोकांना आग्रह करकरून जिलब्या खाऊ घातल्या आणि घरी येऊन गवंड्याला सांगितलं की उद्यापासून येऊ नको.

क्लास पुढे बंद पडला. खिडकीजवळचं मशीन परशुरामाने हातगाडीवर घालून घरी आणलं. दुसरं कार्ड त्याला काही वर्षांनी एका बंद होत असलेल्या सायबर कॅफेत मिळालं. खाऱ्या हवेने खराब होऊ नये म्हणून काशीबाईने ते घरातल्या सगळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलं. तो डबा सुक्या बांगड्यांचा होता. मिठाच्या संगतीने कार्डाच्या पिवळ्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढला. परशुरामाने शेजारच्या पोरांच्या खोडरबराने तो घासून काढला. पट्ट्या चकचकीत झाल्या. वास गेला नाही.

आणि आज, शनिवारी, तिसरं कार्ड येणार होतं.

ते धोंडूबरोबर आलं. धोंडू मासळीचा टेम्पो घेऊन म्हापशाला जातो आणि जत्रांच्या दिवसांत दशावतारी कंपनीत झांज वाजवतो. दोन्ही कामांत आपला आवाज सगळ्यांच्या वर असावा अशी त्याची इच्छा असते. त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू परशुरामाच्या पाठीवर ठेवली, कारण तेवढीच सपाट जागा दिसत होती.

"घी. भंगारवालो इचारी होतो, ह्याचा काय करतलंस म्हणान. मी सांगलंय, आमच्याकडे एक कॉम्प्युटर आसा, तेका दशावताराची कंपनी काढूची आसा."

"हळू ठेय रे. काचेसारखा आसता ता."

"काचेसारखा? बर्फाच्या पेटयेत घालून हाडलंय. बांगड्याच्या वर ठेयलेलंय, खाली नाय. माका अक्कल आसा."

परशुरामाने खोडरबर उचलला.

कार्ड बसलं. मग वायरी. तिसऱ्या कार्डाचा आवाज एका वायरीने दुसऱ्यात सोडला, दुसऱ्यातून दोघांचा मिळून पहिल्यात आणि पहिल्याचा स्पीकरात. डोंगरातले दोन व्हाळ तिसऱ्याला मिळावेत आणि सगळं पाणी एकाच साकवाखालून जावं, असा तो बेत होता. बेत चांगला होता. परशुरामाने बटण दाबलं, खेळ लावला, स्पेसबार दाबला. गलबत लाटेच्या टोकावर गेलं आणि तिथेच राहिलं. स्पीकरमधून एकच लांबलचक आवाज निघाला, दाढ दुखणाऱ्या म्हशीसारखा. थांबेचना.

"म्हस कोणाची आसा?" काशीबाईने विचारलं.

परशुरामाने मशीन बंद केलं. परत चालू केलं. परत म्हैस.

"काय झाला काय ह्येका?" धोंडू म्हणाला.

परशुरामाने समजावून सांगितलं. प्रत्येक कार्डाला कॉम्प्युटरला हाक मारायला एक नंबर लागतो. दुसऱ्या कार्डाचा नंबर पाच. आता हे तिसरं आलंय, तेही पाचच मागतंय. दोघांनी एकदम हाक मारली की कॉम्प्युटर कोणाकडे बघायचं ते न कळून जागीच थिजतो.

धोंडूचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कॉम्प्युटर पूर्णपणे कळला होता.

"म्हणजे मानाचा भांडण," तो म्हणाला. "पयलो नारळ कोणाचो. मेल्या, मगे सरळ सांग ना. आमच्या देवळात ह्याच्यावरसून सात वर्सां जत्रा बंद होती. ह्येका स्क्रू फिरवन काय होवचा नाय. गाऱ्हाणा घालूक होया."

"कॉम्प्युटराक?"

"मगे कोणाक? मानकऱ्यांक घालूचा तसा घालूया. उट. हात जोड."

परशुराम उठला. त्याला दुसरं काही सुचत नव्हतं आणि उद्या रविवार होता. धोंडूने टोपी नीट केली, कॉम्प्युटरसमोर उभा राहिला, घसा साफ केला आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, आज ही जी काय तीन कार्डां ह्या एका पेटयेत येवन बसली हत, तेंका एका मताची कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," परशुराम पुटपुटला.

"तेंच्यात कोणाचो मानपान चुकलो आसात, कोणाक बांगड्याचो वास इलो आसात, तर ता सगळा पोटात घाल रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"आनि उद्या जी बाय सावंतवाडीसून येता, तिच्यासमोर ह्या पोराची लाज राख रे म्हाराजा."

परशुरामाने जोडलेल्या हातांकडे पाहिलं. बाहेर भिंतीवर कोंबड्यांनी जागेवरून कुरबुर केली. धोंडू एक डोळा उघडून वाट बघत राहिला.

"होय म्हाराजा," चुलीकडून काशीबाई म्हणाली.

गाऱ्हाणं पुरं झालं. मग परशुरामाने तिसऱ्या कार्डावरची बारकी प्लास्टिकची टोपी चिमट्याने उचलून पाचवरून सातवर बसवली. सात नंबर प्रिंटरचा होता. प्रिंटरने कैक वर्षांत एक अक्षर छापलं नव्हतं, तरी त्याचा मान तो मान. त्याची वायरच काढून ठेवावी लागली. बटण दाबलं. गलबत हललं. ठेका लागला. स्पेसबार दाबताच तोफेचा असा आवाज झाला की भिंतीवरच्या कोंबड्या पहिल्यांदाच भिंत सोडून गेल्या.

"बघ," धोंडू म्हणाला. "देवाक सांगल्याबिगर काय होता?"

आता फक्त सूर ऐकायचा राहिला होता, आणि तो बंदराशिवाय वाजत नसे. परशुराम एकट्याने सुकाणू आणि तोफ दोन्ही सांभाळू लागला. वादळ पार झालं. लांबवर बंदराची कड दिसली. तो खुर्चीत पुढे सरकला, आणि लाइट गेले. भारनियमन. पडदा एका ठिपक्यात आटला आणि ठिपकाही गेला.

"ऱ्हवांदे," धोंडू झांजेसारखा न वाजता म्हणाला. "पयल्यांदा तिच्यावांगडाच आयक."

तिच्यासोबतच ऐकायचं हे परशुरामाला पटलं. कबूल केलं नाही इतकंच.

रविवारी जेवणं आटोपल्यावर ती आली. नवरा आणि दोघी मुली तिला दारात सोडून रिक्षाने तारकर्लीला गेले; मुलींना किनारा बघायचा होता, परत जाताना तिला घेऊन जाणार होते. परशुरामाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो घातल्याचं दिसू नये म्हणून बाह्या दुमडल्या होत्या.

"कसे आहात, गिरकर?" ती म्हणाली.

तो आवाज ऐकून तो दारातच थांबला. आवाज तिचा नव्हता. म्हणजे तिचाच होता, पण कोणीतरी वापरून झिजवून परत दिलेला. जाड, फाटलेला, मध्येच तुटणारा.

"शाळेत आहे मी आता. प्राथमिकला," तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघून आपणहून सांगितलं. "साठ-साठ पोरं एका वर्गात. ओरडून ओरडून घसा गेला. डॉक्टर म्हणतात कमी बोला. आता मी कमी बोलले तर पोरं काय कमी बोलणार आहेत?"

"नाही," परशुराम म्हणाला. ऑफिसात असल्यासारखी त्याचीही भाषा सरळ झाली. "बसा ना."

"बस गो बाय," काशीबाईने पुढे येऊन तिच्या गालावरून हात फिरवला. "किती बारीक झालंस." काशीबाई हे सगळ्यांनाच म्हणते. वर्षाली चांगली भरली होती, कानांजवळ पांढरे केस आले होते. काशीबाईने तिच्यापुढे खाज्याची बशी ठेवली आणि मागच्या दारी कामाला गेली. मागच्या दारी काही काम नव्हतं.

वर्षालीने गूळ चढवलेल्या खाज्याची एक कांडी दातांत मोडली. मग तिची नजर मशीनकडे गेली. "अगोबाई. हे तेच का? खिडकीतलं?"

"तेच. याच्यात आता तीन कार्डं आहेत. मी म्हटलं होतं ना तेव्हा."

"काय म्हटलं होतंत?"

परशुरामाने बटण दाबलं. मशीन गरम होईपर्यंत दोघं पडद्याकडे बघत बसली. दुसरं कार्ड तापलं तसा घरभर एक ओळखीचा वास पसरला.

"बांगडे भाजताय का?" तिने विचारलं.

"शेजारी," परशुराम म्हणाला.

गलबत आलं. तिचा हात न सांगता बाणांच्या कळांवर गेला आणि तिचं तिलाच हसू आलं. याचा अंगठा स्पेसबारवर. मध्ये चार बोटांचं अंतर, होतं तेवढंच. चाच्यांचं गलबत डावीकडून आलं. परशुरामाने स्पेसबार दाबला आणि तोंड उघडलं, पण त्याच्या आधी दुसऱ्या कार्डाने तोफ उडवली. खरीखुरी तोफ, पाठोपाठ लाकूड फुटल्याचा आवाज, पाण्याचा आवाज. त्याने तोंड मिटलं. पुढच्या सगळ्या तोफा त्याच्याशिवायच उडाल्या.

"केवढा आवाज आहे हो," ती म्हणाली. "मस्त."

वादळ आलं. तिने ते सफाईने पार केलं. डाव्या अंगाला बंदर दिसू लागलं आणि ठेका बदलला. परशुरामाच्या पाठीला घाम सुटला. ही जागा. आता.

त्याने पडद्याकडे पाहिलं नाही. तिच्याकडे पाहिलं. ठेक्याच्या दुसऱ्या आवर्तनाला तिने नकळत मान जराशी वर केली, ओठ उघडले, आणि तेवढ्यात तिसऱ्या कार्डाने सूर धरला.

सूर गोड होता. बासरीसारखं काहीतरी, मागे तारा. तो वर गेलाच नाही. तिथल्या तिथे गिरक्या घेऊ लागला, एखाद्या लग्नाच्या हॉलात पाहुणे जेवत असताना वाजतं तसं. थांबला नाही, खाली आला नाही. दुसरंच गाणं होतं ते. पहिल्यापासून दुसरंच असणार.

वर्षालीने ओठ मिटले. शहाण्या माणसासारखी ऐकत राहिली.

"असं आहे होय ते," ती म्हणाली. "छान आहे."

"तुम्ही म्हणायच्या तसं नाही."

"मी?" ती हसली. फाटक्या आवाजात हसूही फाटकंच आलं. "मी कुठे ऐकलं होतं ते? मी आपलं काहीतरी म्हणायचे. आमची आजी दळताना म्हणायची, त्यातलंच थोडं, थोडं माझ्या मनाचं. ठेका रिकामा वाजत होता, बरं नाही वाटायचं."

"माका वाटला, ताच आसतला," परशुराम म्हणाला. मालवणी त्याच्या तोंडून कधी निसटली ते त्याला कळलं नाही.

पडद्यावर गलबत बंदराला लागून डुलत होतं. कोणी कळ दाबेपर्यंत ते तसंच डुलत राहतं आणि गाणं पुन्हापुन्हा वाजतं, असा त्या खेळाचा नियम होता. लग्नाच्या हॉलातली बासरी परत गिरक्या घेऊ लागली.

परशुराम उठला. मशीनच्या मागे वाकला. पहिल्या कार्डात शिरणारी वायर त्याने दोन बोटांत धरली. डोंगरातले दोन्ही व्हाळ त्या एका वायरीतून येत होते. कुडाळ, कणकवली, सायबर कॅफे, म्हापशाचा भंगारवाला, धोंडूचं गाऱ्हाणं, सगळं तिच्यातून येत होतं. त्याने ती उपटली.

बासरी गेली. लाटा गेल्या. खोलीत नुसता ठेका उरला, एकट्या वेळेवर पोचलेल्या पखवाजवाल्यासारखा.

वर्षालीने वळून त्याच्याकडे पाहिलं. परशुराम परत येऊन खुर्चीत बसला. बंदरातल्या गलबतावर तोफ डागायला कोणी नव्हतं. तरी त्याने मागच्या दाराकडे एकदा बघून घेतलं, अंगठ्याने स्पेसबार दाबला आणि आवाज जपून म्हणाला,

"धडाम."

ती हसली नाही. ठेक्याचं एक आवर्तन झालं. दुसऱ्या आवर्तनाला ती जागा आली, जिथे सूर वर जायचा, आणि रिकामी निघून गेली. दोघांनीही ती जाताना ऐकली. बाहेर रस्त्यावर एक रिक्षा आली आणि न थांबता पुढे गेली. ठेका पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

वर्षालीने खाज्याची उरलेली कांडी बशीत ठेवली, बोटांचा गूळ पदराला पुसला, गळ्याला हात लावून पाहिला.

"परशुराम," ती म्हणाली, "वायच पाणी दी रे."